टेबल माउंटनच्या पायथ्याशी आपली माणसं

दुबईला विमान बदलले आणि तिथून साडेनऊ तास बसून काढले, तेव्हा कुठे केपटाउन आले. पाय सुजलेले, कानात घरघर. भिवंडीकरांना यंत्रमागाच्या खटखटीत झोप लागते, पण ही घरघर काही पचनी पडली नाही. बाहेर पडताच वाऱ्याने बेगमची ओढणीच उडवली. डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा. त्या दिवसांतल्या आग्नेयेच्या वाऱ्याला तिथले लोक 'केप डॉक्टर' म्हणतात, कारण तो शहराची खराब हवा धुऊन नेतो.

डोंगर माथ्यावर सुरीने कापल्यासारखा सपाट. त्यावरून ढग चादरीसारखा खाली ओघळतो, आणि खाली बंदर, गलबते, निळे गार पाणी. दुपारी सूर्य उत्तरेला! मगरिब आठच्या सुमारास. भिवंडीत आपण पश्चिमेला तोंड करून नमाज पढतो, इथे किबला उत्तरेकडे, जरा पूर्वेला झुकून. बारा वाजता सिग्नल हिलवरून तोफ कडाडली. वेळ सांगणारी तोफ, रविवार सोडून रोजची. भिवंडीत असा धमाका झाला असता तर बाजारपेठेची शटरे पडली असती; इथे कोणी मानही वळवली नाही.

बेगमची दूरची फुफी तिथे राहते. तिने दारातच कोकणीत विचारपूस केली, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या आजीबरोबर गेलेले शब्द तिच्या तोंडी जिवंत होते. नातवंडांना ते कळतात, पण ती उत्तर देतात इंग्रजीत.

रत्नागिरी, कुलाबा जिल्ह्यांतून, मोरब्यासारख्या गावांतून आपली माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे येऊ लागली. किराणा-भाजीची दुकाने काढली. पुढे कायदे कडक झाले. गावी जायचे तर फोटो आणि बोटांचे ठसे असलेला परवाना घ्यायचा, आणि मुदतीत परतायचे. मुदत चुकली की केपचा दरवाजा बंद. बायको गावात, दुकान इथे, आणि मध्ये एक कागद. कोकणातल्या किती बायकांचे आयुष्य त्या कागदाने खाल्ले, याचा हिशेब कोणी मांडलेला आम्हाला दिसला नाही.

डोर्प स्ट्रीटवरची अव्वल मशीद १७९४ची, त्या देशातली पहिली. तिचे इमाम तुआन गुरू तिदोर बेटावरून कैदी म्हणून आणलेले. रॉबेन बेटाच्या तुरुंगातून सुटून आले आणि त्यांनी मदरसा काढला. त्यांनी आठवणीतून हाताने कुराण लिहिले. त्यापुढे आमचा प्रवासाचा शीण फारच लाजिरवाणा वाटला.

पण मन अडकले ते डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ही वस्ती गोऱ्यांसाठी जाहीर केली. साठ हजारांहून जास्त माणसे हलवली, घरे बुलडोझरने पाडली, मशिदी आणि चर्चे तेवढी ठेवली. फुफीचे कुटुंब रायलँड्सला गेले. भिवंडीने १९७० आणि १९८४ पाहिले आहे, घर कसे जळते ते आम्हाला ठाऊक आहे. इथे घरे शांतपणे, नोटीस देऊन, नकाशावर रेघ मारून गेली. कित्येक वर्षे तो माळ ओसाडच पडून होता, आणि आजही त्याचा मोठा भाग रिकामा आहे.

जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये १९९४ साली संग्रहालय झाले. तिथे जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरला आहे. फुफी काठी टेकत त्यावरून चालली, एका गल्लीपाशी थांबली. "हितं आमची चूल होती," म्हणाली. नातवाने मोबाइल काढून फोटो घेतला. मग तिने आम्हाला विचारले, मोरब्याला आता एसटी थेट जाते का.