विटणे, नासणे, मुरणे

मृग लागण्यापूर्वीच्या त्या चार-आठ दिवसांत, जेव्हा आकाश अजून कोरडे असते परंतु वाऱ्याला दमटपणाचा पहिला स्पर्श झालेला असतो, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात दर वर्षी एक मोठी फेरमांडणी होते. फडताळातले काही जिन्नस फ्रीजमध्ये दाखल होतात, फ्रीजमधल्या काहींची रवानगी पुन्हा फडताळात होते, आणि काहींची मुदत संपल्याचे ध्यानात येऊन त्यांना निरोप द्यावा लागतो. रवा आणि शेंगदाण्याचे कूट आत जातात, कारण पावसाळ्यात रव्याला जाळी धरते आणि कुटाला खवट वास सुटतो. गूळ मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत बाहेरच राहतो, आणि कोणीतरी भाजीबरोबर नकळत आत ठेवलेले बटाटे पुन्हा पलंगाखालच्या अंधाऱ्या टोपलीत येतात. हे काम तासा-दोन तासांचे. परंतु मला ते करावयास सगळी सकाळ लागते, कारण प्रत्येक डबा हाती घेतला की सासूबाईंचा प्रश्न आठवतो.

आमच्या घरी फ्रीज आला तो 1974 साली. त्यापूर्वी दूध, दही, लोणी यांचा मुक्काम दुभत्याच्या जाळीच्या कपाटात असे, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्या कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या दगडी वाट्यांत उभे असत. थंडीचा हा मुलूख आपल्या स्वयंपाकघराला तसा नवाच. 1833 साली बॉस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ जहाज अमेरिकेतल्या गोठलेल्या पाण्याच्या लाद्या घेऊन कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा बर्फ ही धनिकांच्या मेजवानीतली अपूर्वाई होती. आणि स्वदेशी बनावटीचे शीतकपाट गोदरेजच्या कारखान्यातून बाहेर पडले ते 1958 मध्ये. त्यामुळे ते पांढरे, गुणगुणणारे कपाट घरात उभे राहिले तेव्हा मी हरखून प्रत्येक जिन्नस त्यात ठेवू पाहत होते. ‘हे आत ठेवू का?’ असे मी विचारी, आणि सासूबाई मला उलट विचारीत, ‘बाहेर राहिलं तर ह्याचं काय होतं, ते आधी सांग बघू.’

त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना शास्त्राच्या पुस्तकातून नव्हे, तर भाषेतून मिळत असे. अन्न बिघडले, एवढेच म्हणून त्या थांबत नसत. त्यांच्या लेखी आमटी विटे, दूध नासे, पीठ आंबे, खोबरे खवट होई. पापड सादळत, गूळ पाघळे, पोळी वातड होई, पालेभाजी कोमेजे, तांदळात पोरकिडे होत, लोणच्याला बुरा येई. प्रत्येक क्रियापदापाठीमागे एक निराळा शत्रू उभा आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. विटणे आणि नासणे हे जिवाणूंचे काम. सादळणे आणि पाघळणे हे हवेतल्या ओलाव्याचे. खवट होणे हे तेलाला लागलेल्या हवेचे. किडणे हे तर उघडच आहे. ज्या पिढ्यांनी हे शब्द घडवले, त्यांनी अन्नाच्या मरणाचा केवढा सूक्ष्म तपशील नोंदवून ठेवला आहे! आणि आज आपण ‘खराब झालं’ या एकाच बोथट शब्दावर सगळा कारभार चालवतो, याचे मला मनापासून दुःख होते. कारण शब्द हरवला की त्यामागचे निरीक्षणही हरवते, आणि मग आपण केळी, मध, कांदे, भाकरी असे सगळे काही त्या एकाच थंड कोठडीच्या हवाली करून निश्चिंत होतो.

थंडीला सर्वच शत्रूंचा बंदोबस्त साधत नाही. चार अंशांच्या आसपास जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी मंदावते; म्हणून जे विटते आणि नासते, त्याची जागा निःसंशय आत. परंतु केळे हे उष्ण प्रदेशाचे लेकरू, त्याची साल गारठ्याने काळवंडते. कैरीला तर गवताच्या आढीची ऊब हवी. ती पिकण्याआधी आत ठेवली तर तिचे पिकणेच बिनसते. बटाट्यातल्या पिठाची थंडीत साखर होऊ लागते आणि त्याच्या काचऱ्या तव्यावर पडताच करपट तांबड्या होतात. उजेडात ठेवला तर तो हिरवा आणि कडू होतो. म्हणून त्याला अंधार हवा, गारवा हवा, पण हिवाळा नको. मध गोठून दाणेदार होतो, त्याला मुळात संरक्षणाची गरजच नाही. आणि पोळी-भाकरी तर बाहेरच्यापेक्षा आत अधिक लवकर कडक होतात, कारण शिजलेले पीठ फ्रीजच्या थंडीत अधिक वेगाने आपला मऊपणा टाकते. लोणी आत, तूप बाहेर, हा सासूबाईंचा शिरस्ता होता. लोण्यात पाणी असते, तुपातले पाणी कढवताना निघून गेलेले असते, आणि पाणी नसेल तिथे जिवाणूला थारा नाही. तूरडाळीला एरंडेलाचे बोट, धान्याच्या पिंपात चार बिब्बे, लोणच्याच्या फोडींवर तरंगणारे तेल, या साऱ्या तजविजी थंडीवाचून केलेल्या आहेत, आणि त्या त्या शत्रूला ओळखून केलेल्या आहेत.

मामंजी सांगलीस हळदीच्या एका अडतीवर मुनीम होते. नव्याने लग्न होऊन आलेल्या मला त्यांनी एकदा हरिपूरची पेवे दाखवावयास नेले होते. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या भूमीच्या पोटात, अरुंद तोंडाची आणि खाली रुंदावत गेलेली ती खोल कोठारे खणलेली होती. त्यांत हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लोटायची, की वर्षानुवर्षे तिला कीड लागत नसे. आत ना थंडी, ना मीठ, ना तेल. बंद पोकळीतला प्राणवायू संपून जातो आणि किड्याला श्वास उरत नाही, एवढेच ते रहस्य. पेव उघडल्यावर कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत माणसानेही आत उतरायचे नाही, अशी तिथे सक्त ताकीद असे. शेतांतून चालताना मामंजी पावलापुढे काठी टेकवीत आणि ‘इथे आहे, इथेही आहे’ असे हलक्या स्वरात सांगत. आपल्या पायांखाली एवढे सोने निजले आहे, ही जाणीव मला त्या दुपारी पावलोपावली होत होती. 2005 च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्या पेवांत शिरले. मामंजी तेव्हा हयात नव्हते. परंतु ती बातमी ऐकून सासूबाई दिवसभर फारसे बोलल्या नाहीत.

भाताविषयी मात्र त्या सुरुवातीला चुकल्या, असे मला म्हटले पाहिजे. उरलेला भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवावा आणि सकाळी फोडणी द्यावी, ही त्यांची जुनी सवय. भातातले काही जिवाणू कवचबंद होऊन शिजण्यातूनही वाचतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढीस लागतात. त्यांनी निर्माण केलेले विष फोडणीने जात नाही. हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे विटण्याआधीचं विटणं. त्याला आमच्याकडे शब्द नव्हता.’ त्या रात्रीपासून भात निवला की लगेच आत जाऊ लागला.

एक पदार्थ मात्र त्यांनी फ्रीजमध्येही कधी ठेवू दिला नाही आणि फडताळातही नाही. गवळ्याने चीक आणून दिला की त्याच दुपारी गूळ-वेलदोडा घालून खरवस शिजायचा, आणि दिवेलागणीच्या आत त्याच्या वड्या पाच घरी पोहोचायच्या. फ्रीजमध्ये तो दोन दिवस सुखाने राहिला असता. ‘चीक साठवायचा नसतो,’ एवढेच त्या म्हणत. कारण मी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही.

गेल्या आठवड्यात, यंदाची मांडामांड चालू असतानाच, आमच्या दूधवाल्याने तांब्याभर चीक आणला. फ्रीजचा वरचा कप्पा नुकताच रिकामा झाला होता. मी खरवस केला, वड्या पाडल्या, आणि त्या रिकाम्या कप्प्याकडे पाहत थोडा वेळ उभी राहिले. मग डब्या भरून जिना उतरले. खालच्या मजल्यावर नवे कुटुंब आले आहे, त्यातल्या मुलीने खरवस आजवर चाखलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबी परत द्यावयास आली, तेव्हा आत तिच्या कुंडीतला मूठभर कढीपत्ता होता, नुकताच धुतलेला. पाने हाताला ओली लागत होती. मी ती फडक्याने टिपली, कोरड्या फडक्यात सैलसर गुंडाळली, आणि फ्रीजच्या खालच्या खणात ठेवली.