गावाचा रकाना

शाळेत नाव घालताना मास्तरांनी आजोबांना विचारलं, "गाँव?"

"गरौठा. वैसे नेवरे, जिला रत्नागिरी."

मास्तरांनी गरौठा लिहिलं आणि टाक ठेवून दिला. रकान्यात एकच गाव मावत होतं.

नेवरे आमच्या घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं. तिथले गोविंदपंत खेर पेशव्यांच्या कामगिरीवर बुंदेलखंडात आले ते 'बुंदेले' म्हणूनच ओळखले जाऊ लागले. 1760च्या डिसेंबरात, पानिपताच्या तोंडावर, मारले गेले. त्यांच्यामागून आलेल्या कारकून-भटजींपैकी आम्ही. गरौठ्यात आम्हाला 'दक्षिणी' म्हणत. पुण्याला लग्नाला गेलो आणि मी "शाळा जातो" म्हटलं की आतेभावंडं फिदीफिदी हसत, 'परदेशी आले' म्हणत.

बैठकीत झाशीच्या राणीची तसबीर होती. आजोबा राणीबद्दल तासन्‌तास बोलत. पण आमच्याच तहसिलीतल्या गुरसरायच्या केशवरावांचं नाव निघालं की अडकित्ता शोधायला लागत. 1857 साली जालौनचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याकडेच सोपवला होता. राणीही मराठी, केशवरावही मराठी. कुणाचं मीठ कुणी खाल्लं, हा हिशेब आजोबांनी कधी मांडला नाही.

माझ्या मुलीच्या पहिल्या पासपोर्टवर जन्मस्थळ गरौठा. दोन वर्षांपूर्वी ती कॅनडाची नागरिक झाली. समारंभ ऑनलाइन होता, जावयाने मोबाइलवरून आम्हालाही दाखवला. तिने उजवा हात वर करून राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. मी बसल्या बसल्या नातं लावलं : व्हिक्टोरियाच्या खापरपणतीचा मुलगा! आणि माझ्या डोक्यावर भिंतीला राणी, पाठीशी दामोदर बांधलेली.

"बाबा, ती फॉर्मॅलिटी असते हो," पोर म्हणाली. शपथ आणि फॉर्मॅलिटी? मी दोन दिवस धड बोललो नाही. मग आजोबांचा अडकित्ता आठवला, नि फोन केला.

खरं तर कॅनडाने तिला भारत सोड म्हटलं नव्हतं. सोडायला लावलं ते आपण. स्वखुशीने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपलं, हे 1955च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम. तेच तत्त्व घटनेच्याही नवव्या कलमात होतं, प्रजासत्ताक व्हायच्याही आधी, 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू झालेलं. फाळणीची राख गरम होती, तेव्हा दुसरं काय लिहिणार? पण पोरीचा पासपोर्ट 'रद्द' शिक्का मारून परत आला, तो मी कपाटात ठेवला. टाकवला नाही.

बदल्यात ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळालं. नावात नागरिक आहे, हातात जन्मभराचा व्हिसा. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर चालते.

म्हणून यंदा हरभरा काढून झाल्यावर तहसिलीत गेलो. चार बिघे तिच्या नावे करायचे, वसीयत लिहायची. अर्जीनवीसाने कार्ड उलटसुलट केलं. "इसमें तो सिटिज़न लिखा है, दादा." मी समजावायला लागलो, त्याने हात वर केला.

"बिटिया कहाँ की?"

"गरौठा. वैसे…"

"मूल निवासी गरौठा," तो लिहीत म्हणाला, "हाल मुकाम?"

"सस्काटून, कनाडा."

त्याने लेखणी थांबवली. "टू में मात्रा बड़ी कि छोटी?"