आधी विचारून ये

मिरज,
रविवार

प्रिय बाळू,


तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोप उडाली. तुझ्या लेकीला, चिमीला, भलत्याच लोकांचे फोन येतात, गूगलवर तिचं नाव टाकलं की नंबर समोर येतो, 'ताई, तो काढायचा कसा?' इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंस, 'बायोडेटा काय, सगळेच टाकतात.' ते मला फार लागलं.

आधी कामाचं सांगते. तुमच्या वधूवर मंडळाने तिच्या बायोडेटाची पीडीएफ वेबसाइटवर ठेवली आहे आणि गूगल पीडीएफच्या आतलं अक्षर न् अक्षर वाचतं. म्हणून पहिलं पत्र मंडळाला, ईमेलने: फाइल काढून टाका. फोनवर 'बघतो' म्हणतील, त्यावर विसंबू नकोस. मग गूगलकडे अर्ज. आपला फोन नंबर, घरचा पत्ता, ईमेल शोधात दिसू नये असं कळवायची सोय २०२२ पासून आहे. अर्ज चिमीलाच भरू दे. त्यात पानाची लिंक द्यावी लागते, तेव्हा लिंक आणि स्क्रीनशॉट आजच जपून ठेव. पण गूगल फक्त त्या पानाकडे जाणारी वाट बुजवतं, पान जागच्या जागी राहतं. मंडळाला आधी लिही म्हणते ते त्यासाठी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून जी दहा ग्रुपांत गेली, ती फाइल आता कुणालाच परत आणता येणार नाही. हे लिहितानाही पोटात खड्डा पडतो.

ती फाइल आज मी चष्मा लावून वाचली. वर गणपती. खाली जन्मतारीख, जन्मवेळ, नाडी, गण, रक्तगट. ऑफिसचं नाव. पुण्यातल्या खोलीचा पत्ता, मजल्यासकट! एकटी राहते रे ती तिथे. आणि 'मामा' या रकान्यात वहिनीच्या माहेरचं आडनाव. बँकेत फोन केला की खात्रीसाठी काय विचारतात, आठव. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं नाव. दोन्ही तू एकाच कागदावर लिहून चव्हाट्यावर ठेवलीस.

साताऱ्याच्या घरी एकदा भर दुपारी एक गृहस्थ आले होते, तू लहान होतास. मास्तरांच्या मुलीचं घर कुठलं, म्हणाले. घर आमच्या परसातून दिसत होतं. आईने बोट नाही दाखवलं. त्यांना ओट्यावर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि मला मागच्या दाराने पिटाळलं, 'आधी विचारून ये, पाठवू का म्हणून.' गृहस्थ चांगलेच निघाले. पण आईने विचारलं तिला, त्यांना नव्हे. तेव्हा फोनसुद्धा शेजारच्यांचा, 'पी.पी.' लिहून दिलेला. तो नंबर कुणाला देण्याआधीही बाबा त्यांची परवानगी घ्यायचे.

बाळू, माझं हेच म्हणणं आहे आणि मी ते सोडणार नाही. आपल्या फोनमधले नंबर आपले नसतात, लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेली ती ठेव असते. कुठलंसं अ‍ॅप 'कॉन्टॅक्ट्स बघू का' विचारतं, आपण होय दाबतो आणि दूधवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांचे नंबर त्यांच्या नकळत परक्याच्या हाती जाऊ शकतात. गेल्या महिन्यात तू मला त्या सहलीच्या ग्रुपात ओढलंस. दोनशे माणसं, मी पाचजणांना ओळखते! सेटिंग्जमध्ये जाऊन 'मला ग्रुपात कोण घेऊ शकेल' तिथे फक्त ओळखीचे ठेव. चिमीलाही सांग.

कायद्याचंही सांगते. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात एक मेख आहे: माणसाने आपली माहिती आपणहून जाहीर केली असेल, तर तिला तो कायदा लागू नाही. पण चिमीने ती जाहीर केली का? केलीस तू. ती सत्तावीस वर्षांची आहे, कमावती आहे. फाइल पाठवण्यापूर्वी एकदा तरी तिला दाखवलीस का? मला वाटतं, नाही.

स्थळं बघू नकोस असं मी कुठे म्हणते? नवा बायोडेटा कर. शिक्षण, उंची, आवडी, गाव एवढंच. नंबर तुझा दे, तोही या कामापुरत्या वेगळ्या सिमचा. पत्ता आणि जन्मवेळ दोन्हीकडून बोलणं पुढे गेल्यावर, तिला विचारून. आधारची प्रत कुणी मागितलीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ती काढून दे.

लिंक-स्क्रीनशॉट सोडून बाकी सगळं उद्या कर. आज आधी तिला फोन कर, तुझ्याच नंबरवरून. काल माझा फोन बंद पडला म्हणून शेजारच्या काकूंच्या फोनवरून मी तिला तीनदा लावला. तिने एकदाही उचलला नाही.

तुझी,
ताई