लक्ष्मी रस्त्यावर आमचा खेळ

भाद्रपदात भाताची बेणणी उरकलेली असते आणि कापणीला अजून अवकाश असतो. मुळशीतल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात मिळणारी हीच काय ती मोकळीक. आमच्या माणमधल्या लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या ढोलाला दिली. श्रावण लागला की रात्रीची जेवणं उरकून देवळापुढच्या पटांगणात सराव सुरू व्हायचा. वडिलांच्या मागं उभा राहून मी लेझीम धरायला शिकलो ते तिथंच, 1970 नंतरच्या वर्षांत.

पुण्यातल्या मंडळांची माणसं आधी येऊन सुपारी देऊन जात. मग अनंत चतुर्दशीला ट्रकच्या हौद्यात ढोल, ताशे, लेझीम आणि माणसं दाटीवाटीनं भरून हिंजवडी, वाकड, औंध करत आम्ही पुण्यात उतरायचो. मावळातले, भोरचे, वेल्ह्याचे खेळही तिथं आलेले असत. एकमेकांचा ताशा ऐकूनच कुठल्या गावचा खेळ ते ओळखू यायचं.

मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते. आधी पालखीतला कसबा गणपती, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. मानाच्या पाच गणपतींचा हा क्रम ठरलेला. त्यांच्यामागं बेलबाग चौकापासून अलका चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता मात्र दर दहा वर्षांनी निराळा दिसला. तो मी बघ्यांच्या गर्दीतून नाही, वाजवणाऱ्यांच्या रांगेतून पाहिला.

आमच्या खेळात ढोल थोडेच असत. ताशेवाल्यानं तर्री धरली की ढोल उठायचे आणि लेझीमवाले दोन रांगांत समोरासमोर यायचे. ताशा बदलला की हात बदलायचा. कुणी तोंडानं काही सांगत नसे. ढोलाला बकऱ्याचं कातडं. पावसाची सर आली की पान सैल पडून आवाज बसायचा. मग एखाद्या बोळात कागद नि वाळकं गवत पेटवून ताशे शेकायचे, ढोलांच्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या. तेवढ्यात वाड्यातून कुणीतरी चहाची किटली आणून द्यायचं आणि म्हणायचं, "पाव्हणं, आमच्या दारात एक मनोरा होऊ द्या." मनोरा व्हायचा. गॅलरीतली माणसं आणि रस्त्यावरचे आम्ही यांच्यात तेव्हा दोन हातांचंही अंतर नसे.

त्याच सुमारास शहरातल्या शाळांची पथकं पुढं येत होती. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग यांच्या पथकांनी गावाकडच्या ढोलाला शिस्त दिली: एकसारखा पोशाख, आवर्तनांचा ठरलेला क्रम, पुढं नाचणारा ध्वज. पुढं शहरात मुलींनीही ढोल कमरेला बांधला. आमच्या गावात बाईनं ढोलाला हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता. आमच्यातल्या काहींनी नाकं मुरडली. वडील मात्र फूटपाथवर उभे राहून एका पथकातल्या मुलींचं आख्खं आवर्तन ऐकून आले आणि म्हणाले, "हात पक्का हाय पोरींचा."

1990 नंतर स्पीकरच्या भिंती आल्या. एका वर्षी आम्हाला रथापुढं उभं केलं आणि मागून गाणी सुरू झाली. आमचाच ताशा आम्हाला ऐकू येईना. ताशा ऐकू आला नाही की ढोलकऱ्याचा हात अडतो आणि लेझीमची रांग मोडते. वडिलांनी भर रस्त्यात ढोल उतरवला. त्यानंतर ते पुण्याला वाजवायला आले नाहीत. पुढं 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री स्पीकर बंद ठेवण्याचं बंधन आलं. सणाच्या काही दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. पण तोवर आमच्यासारख्या खेळांच्या सुपाऱ्या आटल्या होत्या.

सगळा दोष स्पीकरचा नाही. नेमक्या त्याच वर्षांत हिंजवडीत राजीव गांधी आयटी पार्क उभं राहिलं आणि त्याचे पुढचे टप्पे आमच्या माणच्या शिवारात आले. खाचरं गेली, काचेच्या इमारती आल्या. खेळातली तरणी पोरं कंपन्यांत शिफ्टला जाऊ लागली. चतुर्दशीची मोकळीक आम्हाला भातशेतीनं दिली होती. शेतीबरोबर तीही गेली.

मग ढोल परत आला, तो शहराकडून. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पथकांचं पेव फुटलं. माझी मुलगी आयटी पार्कमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी ताडपत्रीच्या मांडवाखाली ढोलाचा सराव करते. तिच्या पथकात विदर्भातली, मराठवाड्यातली मुलं आहेत, मराठी धड न येणारीही आहेत. फायबरचं पान पावसाला दाद देत नाही, त्यामुळं शेकणं-ताणणं फारसं उरलेलं नाही. एकदा घरी टेबलावर बोटांनी ती एक ताल वाजवत होती. "आप्पा, हा गावठी," ती म्हणाली. तो आमचाच होता, जरा जलद. मी तिला मूळचा संथ हात दाखवला. तिनं तो पथकात नेला याचा मला फार आनंद आहे.

त्या आनंदातही एक गोष्ट खुपते. शंभर-शंभर ढोल एका चौकात उभे राहतात आणि मागची मंडळं ताटकळतात. 2022 साली मिरवणूक तीस तासांच्या पुढं गेली. एवढ्या ढोलांत ताशा बुडतो, आणि लेझीम तर दिसेनाशीच झाली आहे. कोरोनामुळं 2020 आणि 2021 मध्ये मिरवणूक निघाली नाही, तेव्हा वाटलं होतं की पुन्हा सुरू होताना लोक थोडं आवरतील. तसं झालं नाही. 2025 मध्ये राज्य सरकारनं गणेशोत्सवाला राज्य महोत्सव जाहीर केलं. हा मान उत्सवाला ज्यांच्या हातांनी मिळवून दिला त्यांत मुळशी-मावळातले शेतकरीही आहेत, हे पुण्यानं विसरू नये.

आम्ही काही जुनी माणसं आता रविवारी देवळापुढं मुलांना लेझीम शिकवतो. गावातली मुलं येतात, आसपासच्या सोसायट्यांतली येतात, मुलीही येतात. त्यांना पहिली गोष्ट सांगतो ती ही, की शेजाऱ्याचा ताशा ऐकू येईल एवढ्याच जोरानं वाजवायचं. पोरं तयार होत आहेत. पुण्याच्या मंडळांना माझं मागणं एवढंच आहे: पथकातले ढोल कमी करा आणि दरवर्षी गावाकडच्या एका तरी खेळाला रथापुढं उभं करा. बिदागी नाही दिली तरी चालेल. लक्ष्मी रस्त्यावर दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतील एवढी जागा द्या.