दार कोणत्या बाजूला उघडते

ब्रिटनमधून निवृत्त होऊन स्पेनच्या कोस्टा ब्लांका किनाऱ्यावर स्थायिक होणाऱ्या जोडप्यात एक जण व्हीलचेअरवर असेल, तर घराइतकाच विचार गाडीचा करावा लागतो. तोरेव्हिएखाच्या आसपासच्या निवृत्तांच्या वसाहती पुष्कळदा गावापासून दूर असतात. बाजार, दवाखाना, समुद्र सगळेच गाडीच्या अंतरावर. गाडी नसेल तर ती व्यक्ती अंगणापुरती उरते, आणि ज्या मोकळ्या हवेसाठी देश सोडला ती हवा कुंपणाबाहेरच राहते.

प्रश्न सुरू होतो तो ब्रिटनमध्येच. तिथे १९७७ साली स्थापन झालेल्या मोटॅबिलिटीच्या योजनेतून सरकारी अपंगत्व भत्त्याच्या मोबदल्यात गाडी भाडेपट्ट्याने मिळते. विमा आणि दुरुस्तीही त्यातच येते. मात्र देश कायमचा सोडताना ती परत करावी लागते आणि प्रवासासाठीचा भत्ताही थांबतो. वर्षानुवर्षे घरची वाटलेली गाडी हातची जाते आणि उतारवयात पहिल्यांदाच अशी गाडी स्वतःच्या पैशाने घ्यायची वेळ येते. चुकीची निवड परवडू नये असाच हा काळ असतो.

गाडी पाहायला जाण्याआधी माप घ्यायचे ते माणसाचे. खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची, खुर्चीची रुंदी, खुर्ची आणि माणूस यांचे एकत्र वजन. विजेवर चालणारी खुर्ची एकटीच दीडशे किलोच्या पुढे जाऊ शकते. सित्रोएन बर्लिंगो, रेनो कांगू, फोक्सवॅगन कॅडी यांसारख्या गाड्यांची मागची जमीन कापून खाली घेतात, म्हणजे रॅम्प फार चढा राहत नाही. खुर्ची ढकलणारा जोडीदारही सत्तरीचा असेल, तर खुर्ची ओढून घेणारी विजेची विंच ही चैन उरत नाही. आत खुर्चीला चार बाजूंनी पट्टे आणि माणसाला स्वतंत्र सीटबेल्ट लागतो. पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२ आणि खुर्चीसाठी आयएसओ ७१७६-१९ ही मानके आहेत. त्यांतील चाचणी ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या समोरासमोरच्या धडकेची असते. गाडी उत्तम, पण खुर्ची या कसोटीला न उतरलेली, असे असेल तर सुरक्षितता अर्धीच.

मापांच्या यादीत न येणारी एक गोष्ट म्हणजे नजर. मागे बसवलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली खिडकीची वरची कड आली, तर त्याला रस्त्याकडेचे दगड तेवढे दिसतात. डोंगर आणि समुद्र बाकीच्यांसाठी राहतात. पुढचे बोलणेही त्याला नीट ऐकू येत नाही. काही मोठ्या गाड्यांत खुर्ची चालकाच्या शेजारी बसवता येते. महाग असली तरी ही रचना आधी पाहावी, कारण आयुष्यभर शेजारी बसून बोलत आलेल्या दोघांना ती पुन्हा शेजारी बसवते.

मग येते दार. ब्रिटनमध्ये वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे बाजूने चढण्याच्या गाडीचा रॅम्प सहसा डावीकडे, फुटपाथवर उघडतो. तीच गाडी स्पेनला नेली की रॅम्प भर वाहतुकीत उतरतो. ब्रिटनमधून पुण्याला परतणाऱ्या मराठी निवृत्तांपुढे ही अडचण येत नाही, कारण बाजू तीच राहते. मागून चढण्याच्या गाडीला देशाचा फरक पडत नाही. पण तिच्या मागे कोणी गाडी लावली की वाट बंद. शिवाय उंच छपराची गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरते का, हे घर घेण्याआधी टेपने मोजावे.

ब्रिटिश गाडी नेलीच, तर हेडलाइट बदलावे लागतात, मागचा फॉग लॅम्प डाव्या बाजूला हवा आणि गाडीतील बदल आयटीव्ही या तांत्रिक तपासणीत कागदोपत्री सिद्ध करावे लागतात. ब्रेक्झिटनंतर आयात कराची सवलत हवी असेल, तर गाडी किमान सहा महिने स्वतःच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते. उलट स्पेनमध्येच गाडी घेतली, तर व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी विक्री कर २१ टक्क्यांऐवजी ४ टक्के लागू शकतो आणि नोंदणी करातही माफी मिळते. त्यासाठी किमान ३३ टक्के अपंगत्वाचे स्पॅनिश प्रमाणपत्र लागते. कमी विक्री कराला कर खात्याची मान्यता खरेदीआधीच घ्यायची असते. खुर्चीची बैठक खास शरीराच्या घडणीनुसार गाडीत बसवलेली नसेल, तर जुनी गाडी विकून तिथलीच घेणे बहुतेकांना सोयीचे. प्रमाणपत्र येईपर्यंत भाड्याची गाडी वापरता येते, आणि तेवढ्या काळात कोणती रचना अंगवळणी पडते तेही कळते.

शेवटचा विचार गाडी चालवणाऱ्याचा. त्याची नजर किंवा गुडघे थकले की सगळी आखणी कोसळते. म्हणून घर निवडतानाच गावात युरोटॅक्सी, म्हणजे व्हीलचेअरसह चढता येणारी टॅक्सी, मिळते का आणि ती किती आधी सांगावी लागते, याची चौकशी करून ठेवावी.