आचरेकर सरांची स्कूटर

आचरेकर सर म्हटलं की सगळ्यांना स्टंपवरचा एक रुपया आठवतो. नाबाद राहिलास तर नाणं तुझं! किस्सा झकासच आहे, पण मला जास्त भावते ती त्यांची स्कूटर. शारदाश्रमच्या शाळकरी सचिनला मागे बसवून सर मुंबईभर फिरायचे... आत्ता शिवाजी पार्क, थोड्या वेळाने आझाद मैदान. का, तर मॅच प्रॅक्टिस मिळाली पाहिजे. नेट्समध्ये आऊट झालं तरी पुढचा बॉल मिळतोच ना! एका पोरामागे इतकं पेट्रोल कोण जाळतं हो? आमच्या ऑफिसात 'मेंटॉर' म्हणजे महिन्यातून अर्धा तास, तोही बऱ्याचदा कॅन्सल. असो.

कौतुकाचं मात्र नाव नको. २०१३ साली वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सांगितलं, २९ वर्षांत सर एकदाही 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. पोरगं हवेत जाईल ही काळजी! आता मॅचेसच उरल्या नाहीत, आता म्हणायला हरकत नाही, असं तो म्हणाला तेव्हा हसू आलं आणि घसाही दाटला.

२ जानेवारी २०१९ ला सर गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कात पोरं बॅटी उंचावून उभी होती. खांदा द्यायला सचिन होता.