सेल संपल्यावर

जुना फिल्म कॅमेरा हातात आला की मी आधी लेन्स बघत नाही. कॅमेरा उलटा करतो, खाचेत नाणं घालून तळाचं झाकण फिरवतो. आत हिरवट-पांढरा थर दिसला तर समजायचं, कुणीतरी सेल तसाच ठेवून कॅमेरा कपाटात विसरलं. मग कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून तो थर हलक्या हाताने उतरवायचा. खालचा धातू चमकला की जीव भांड्यात पडतो.

‘कुठला कॅमेरा टिकाऊ?’ असं नवी मुलं विचारतात. मी विचारतो, सेल संपल्यावर तो काय करतो? १९७६ साली आलेले दोन कॅमेरे घ्या. कॅनन एई-१चं शटर विजेवर चालतं. सहा व्होल्टचा सेल उतरला की बटण दाबूनही ते हलत नाही. पेंटॅक्स के१०००ला सेल लागतो तो फक्त मीटरपुरता. मीटर बंद करायची सोय नाही, म्हणून लेन्सवर टोपी ठेवायची, नाहीतर सेल गुपचूप उतरतो. पण उतरला तरी शटर १/१००० पर्यंत चालतं. निकॉन एफईने मधली वाट काढली: सेल नसतानाही १/९० हा एक वेग हाताशी राहतो.

यांत्रिक कॅमेराही अमर नसतो. आतलं तेल सुकतं, १/८, १/१५ हे वेग रेंगाळतात, फोमच्या पट्ट्यांचा काळा चिकटा होतो. ऑलिम्पस ओएम-१चं दुखणं आणखी वेगळं. त्याचं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेलं, आणि तो सेल पर्यावरणापायी बंद झाला. १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल घातला तर मीटर उजेड जास्त दाखवतं, निगेटिव्ह पातळ येते. मी त्यात श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल वापरतो. कागदी चिकटपट्टी काढली की हवा शिरून तो जागा होतो आणि साधारण १.४ व्होल्ट देतो. मात्र एकदा जागा झाला की वापरा अगर न वापरा, तो संपतच जातो.

सेल संपल्यावर आपण काय करतो, हे मला दिवे घाटात कळलं. पालखी चढत होती, पाऊस भुरभुरत होता. निकॉन एफएम२च्या खिडकीतले तांबडे दिवे अचानक विझले. मीटर गेलं, शटर शाबूत होतं. सुरुवातीला हात थबकला. मग आभाळाकडे पाहिलं, ४००च्या फिल्मला १/५०० आणि एफ/५.६ लावलं, ढग दाटले की छिद्र एक घर मोठं केलं. रोल धुतला तेव्हा वारकऱ्यांच्या ओल्या फेट्यांच्या घड्यासुद्धा निगेटिव्हवर स्वच्छ उमटल्या होत्या.

आता खिशात जोडीला सेल असतोच. पण तेव्हापासून मी आधी उजेड बघून मनाशी आकडा ठरवतो आणि मगच मीटरला विचारतो.